जुन्या नंबरावरून आलेला नकार

ही गोष्ट माझ्या बाबतीत घडली आहे आणि त्यातला शब्दन् शब्द खरा आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल पुढची गोष्ट उघडावी. वाद घालायला माझ्याकडे वेळ नाही, आणि ताकद तर मुळीच नाही.

या पेजवरच्या बहुतेक गोष्टी रात्री बारानंतर सुरू होतात. केस मोकळे सोडलेली बाई, सुनसान रस्ता, नेमकी बंद पडलेली गाडी.

माझ्या गोष्टीत यातलं काही नाही.

मार्च महिन्यातला शेवटचा रविवार होता. दुपारचे दोन वाजायला दहा मिनिटं. खिडकीबाहेर डोळे दिपतील असं ऊन. ऑफिसच्या चौथ्या मजल्यावर मी एकटी... आणि समोर टेबलावर स्पीकरवर टाकलेला फोन.

आधी माझं काम सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

आमची कंपनी डोंगरात बोगदे खोदते. ऑफिस शहरात, कामं लांब. प्रत्येक बोगद्याच्या तोंडाशी एक गेट असतं आणि गेटवर एक कॉम्प्युटर. आत जाणारा माणूस कार्ड टेकवतो, बाहेर येताना परत टेकवतो. त्या कॉम्प्युटरवर जावामध्ये लिहिलेला एक प्रोग्राम चालतो, त्याला आम्ही क्लायंट म्हणतो. हा क्लायंट लांबून आमच्या ऑफिसातल्या सर्व्हरशी बोलतो.

सुरुंग उडवायचा असला की क्लायंट विचारतो, आत शून्य माणसं आहेत, उडवू का? सर्व्हर यादी बघतो आणि परवानगीचा नंबर पाठवतो. तो नंबर आला की मगच सुरुंगाच्या चावीची पेटी उघडायची. नंबर नाही तर स्फोट नाही.

तो सर्व्हर मी सांभाळते.

माझ्याआधी मास्तर सांभाळायचे. ते शाळेत कधी शिकवायला नव्हते, पण आम्हा सगळ्यांना हाताला धरून त्यांनीच शिकवलं, म्हणून मास्तर. माणूस सोन्यासारखा, पण हट्टी. असा हट्टी की विचारू नका. सर्व्हरवर त्यांचा भरवसाच नव्हता. परवानगी देण्याआधी ते गेटवर फोन लावायचे आणि माणसं तोंडी मोजून घ्यायचे. तिकडे एकेकाने "हजर" म्हणायचं, इकडे मास्तर पेनाचं बटण दाबायचे.

टक... टक... टक...

आकडा जुळला नाही तर एकच शब्द. "नाही." मग समोर कोणी कितीही मोठा साहेब असो.

"कार्डं काय मोजता? डोकी मोजा डोकी," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

गेल्या जुलैत मास्तर गेले. ऑफिसातच, सर्व्हर रूममध्ये, खुर्चीत बसल्या बसल्या. हातात फोन होता. पलीकडून गेटवरचा कारकून, आमचा गेटबाबू, "हॅलो, मास्तर, हॅलो" करत होता. मोजणी अर्धी झाली होती.

ती मोजणी पुढे कोणी पुरी केलीच नाही.

त्यांच्या जागी मी आले आणि पहिल्या महिन्यातच ही मोजणी बंद केली. हे मी कबूल करते. एवढी कार्डं केली, मशिनं लावली, आणि वर आपण फोनवर बालवाडीची हजेरी घेत बसायची? असं मी मीटिंगमध्ये म्हणाले होते. सगळे हसले होते. गेटवाल्यांनी तर टाळ्या वाजवल्या.

आणि अजून एक गोष्ट. माझे धाकटे दीर, आमचे भावजी, वायरमन आहेत. तेव्हा त्यांना आमच्याच एका बोगद्यावर लागून चार महिने झाले होते. नोकरी माझ्या शब्दावर लागली. सासूबाई उठता बसता ऐकवायच्या, "तू म्हणालीस म्हणून पाठवलाय हं त्याला डोंगरात. नीट लक्ष ठेव."

मी म्हणायचे, "आई, लक्ष ठेवायला सर्व्हर आहे ना."

तर त्या रविवारी मी सर्व्हर बदलला. जुनं मशीन दहा वर्षांचं होतं. सकाळी दहा वाजता मी ते बंद केलं. विजेची वायर मी माझ्या हाताने काढली, नेटवर्कची केबल मी माझ्या हाताने काढली. वॉचमनकाकांच्या मदतीने मशीन ढकलत स्टोअर रूममध्ये नेलं आणि कुलूप लावलं. नवं मशीन सुरू केलं. एकेक गेट जोडून बघितलं. सगळी पटापट लागली.

एक सोडून. भावजींच्या बोगद्याचं गेट.

पावणेदोनला गेटबाबूचा फोन आला. हा मनुष्य भला, पण इंग्रजी त्याच्या डोक्यावरून जातं. स्क्रीनवरची अक्षरं तो एकेक करून वाचतो.

"मॅडम, लाल अक्षरात आलंय. सी, ओ, मग दोन वेळा एन..."

"कनेक्शन," मी म्हणाले. "पुढचं वाचा."

"आर, ई, एफ..."

"रिफ्यूज्ड?"

"हां, तेच! तुम्हाला कसं कळलं?"

"वीस वर्षं तेच वाचतेय हो. परत बटण दाबा."

पुन्हा तेच. रिफ्यूज्ड.

आता इथे एक फरक समजून घ्या, कारण माझी सगळी गोष्ट या फरकावर उभी आहे.

क्लायंट सर्व्हरला हाक मारतो. पलीकडे कोणीच नसलं तर तो वाट बघत बसतो, बसतो, आणि शेवटी दमून सांगतो, टाइम आउट. म्हणजे घर रिकामं आहे, कितीही कडी वाजवा.

रिफ्यूज्ड त्याहून वेगळं. ते लगेच येतं. म्हणजे घरात कोणीतरी आहे. त्याने तुमची हाक ऐकली... आणि "नाही" म्हटलं.

मला वाटलं, नवं मशीनच नाही म्हणतंय. त्याच्या नोंदी उघडल्या. बघते तर या गेटची पहिली हाक नीट आलेली. सर्व्हरने तिला उत्तरही दिलेलं. पण त्यानंतर गेटकडून काहीच नाही.

माझी ट्यूब पेटली.

आमच्याकडे पद्धत अशी की क्लायंट आधी चौकशीच्या खिडकीवर जातो. खिडकी सांगते, तुमचं काम अमुक नावाच्या खोलीत होईल, तिकडे जा. मग क्लायंट त्या नावाची खोली शोधत जातो. खिडकीचा नवा नंबर मी सकाळीच सगळ्या गेटांना दिला होता, त्यामुळे या गेटचा क्लायंट खिडकीपर्यंत येत होता. नाव घेत होता. आणि मग भलत्याच खोलीवर जात होता.

"बाबू, स्क्रीनवर खाली एक नंबर असेल. ठिपके ठिपके असलेला. वाचा."

त्याने वाचला.

तो जुन्या मशिनचा नंबर होता.

मी कपाळावर हात मारला. या गेटला डोंगरातून रेडिओची लाईन आहे. नाव सांगितलं की त्यावरून नंबर शोधणं तिला जमायचं नाही. म्हणून मास्तरांनी स्वतः तिथे जाऊन त्या कॉम्प्युटरच्या एका फाइलमध्ये नाव आणि नंबर हाताने लिहून ठेवले होते. मी सर्व्हर बदलला, नंबर बदलला, आणि ती एक ओळ साफ विसरले. तिथेच घोडं अडलं होतं.

जीव भांड्यात पडला. पाच मिनिटांचं काम.

मी हसत म्हणाले, "अहो बाबू, तुमचा क्लायंट बंद मशिनवर जाऊन..."

आणि माझं हसू तिथेच थांबलं.

बंद मशिनवर.

बंद मशीन "नाही" कसं म्हणेल?

तिथून टाइम आउट यायला हवा होता. वायर नाही, केबल नाही, मशीन कुलपात. कोणी उत्तरच द्यायला नको होतं.

"बाबू, परत दाबा. आणि किती वेळाने येतं ते सांगा."

"दाबतोय... आलं. बोट उचलायच्या आधी आलं मॅडम."

रिफ्यूज्ड.

मी माझ्या जागेवरून त्या नंबराला साधी हाक मारून बघितली. काहीच नाही. मेलेलं. गेटवरून हाक मारली की मात्र...

रिफ्यूज्ड.

मधलं एखादं यंत्र परस्पर नकार देत असेल, असं नेटवर्कवाले म्हणतील. मलाही तेच वाटलं. मी मधली दोन्ही यंत्रं उघडून बघितली. तिथून तसं काही जात नव्हतं.

आणि तेव्हाच मला तो आवाज पहिल्यांदा नीट ऐकू आला.

फोनमधून.

टक... टक... टक...

"बाबू, पेन वाजवू नका हो. डोकं दुखतंय."

"मी?" गेटबाबू म्हणाला. "माझ्याकडे पेन कुठाय मॅडम? दोन्ही हात कीबोर्डवर आहेत."

टक... टक...

मी नकळत मोजायला लागले. सवयच होती ती, इतकी वर्षं शेजारच्या टेबलावरून ऐकलेली. आठ... नऊ... दहा.

मग शांतता.

अकरावा टक येईल असं उगाचच वाटलं. आला नाही.

मी स्वतःला दटावलं. लाईन जुनी आहे, खरखर असते, बाई गं, कामाला लाग. स्टोअर रूमची किल्ली घेतली आणि निघाले. मशीन चुकून कोणी जोडलं असेल तर बघावं म्हणून.

कुलूप जसंच्या तसं होतं.

आत दिवा लावला. जुनं मशीन भिंतीला टेकून उभं. मागची विजेची जागा रिकामी. केबलची जागा रिकामी. समोरचे दिवे विझलेले. पंख्याचा आवाज नाही. दहा वर्षं त्या पंख्याची घरघर ऐकलेली, त्यामुळे ती शांतता कानाला टोचत होती.

मी सहज त्यावर हात ठेवला...

गरम होतं.

चार तास झाले होते बंद करून. खोलीत गारवा. आणि मशीन गरम, माणूस नुकताच उठून गेल्यावर गादी असते ना, तसं.

मी हात झटकून मागे सरले. कुलूप लावायचंही सुचलं नाही. धावतच टेबलाशी आले.

फोनवर आता साहेब होते. बोगद्यावरचे मुख्य इंजिनीअर. आवाज चढलेला.

"मॅडम, काय चाललंय काय? तीस भोकांत दारू भरून बसलोय मी इथे. ढग भरून येतायत. वीज चमकली ना, तर तुमचा सर्व्हर नाही येणार माझी माणसं वाचवायला."

हे मात्र खरं होतं. भरलेला सुरुंग आणि वीज... त्यापेक्षा वाईट जोडी नाही.

"सर, दोन मिनिटं. चूक सापडली आहे. एक ओळ बदलायची आहे."

"मग बदला ना! आत शून्य आहे. स्क्रीनवर स्वच्छ शून्य दिसतंय. सगळी कार्डं बाहेर पडलीत."

मी गेटबाबूला फाइल उघडायला लावली. अक्षर अक्षर सांगितलं. मास्तरांची ओळ सापडली. जुना नंबर खोडला, नवा लिहिला.

"झालं मॅडम. सेव्ह करू?"

मी "हो" म्हणायला तोंड उघडलं.

टक.

इतका जवळून, की मला वाटलं आवाज फोनमधून आलाच नाही. माझ्या मागून आला.

टक... टक... टक...

मी मान वळवली नाही. माझ्यात ती हिंमत नव्हती. टेबलाची कड घट्ट धरून मी फक्त मोजत राहिले.

सात... आठ... नऊ... दहा.

आणि थांबलं.

"मॅडम? सेव्ह करू ना?"

"बाबू," मी म्हटलं, "आजच्या पाळीला किती माणसं आहेत?"

"अकरा."

"डोकी मोजा."

"अहो पण शून्य दिसतंय..."

"कार्डं नकोत! डोकी मोजा हो बाबू! एकेकाला हजर म्हणायला लावा!"

साहेब वैतागले. "हे काय नवीन? तुम्हीच बंद केलंत ना ते? बालवाडी म्हणाला होतात."

"म्हणाले होते. चुकले. तुम्ही मोजा, नाहीतर परवानगी मिळणार नाही. नाही म्हणजे नाही."

साहेबांनी एक सणसणीत शिवी घातली, ती मी लिहीत नाही. पण मोजायला घेतलं. फोनवर एकेक आवाज येऊ लागला. हजर. हजर. हजर. मी बोटांवर मोजत होते.

दहा.

पुढे कोणी बोलेना.

"अकरावा कोण?" साहेब ओरडले. "अरे कोण नाहीये?"

तिकडे कुजबुज झाली. मग एक घाबरलेला आवाज. "वायरमन, साहेब."

माझे भावजी.

मी स्पीकर बंद करून फोन कानाला लावला.

नंतर सगळं कळलं. हे लोक जेवायला बाहेर पडताना रांग नको म्हणून सगळ्यांची कार्डं एकाच्या हातात देतात. तो एकटा गेटवर उभा राहून अकरा वेळा टेकवतो. रोजचंच होतं ते. त्या दिवशीही तसंच झालं. भावजींचं कार्ड बाहेर आलं आणि भावजी, "पंपाची मोटर वर ओढून आलोच," म्हणून आडबाजूच्या खोदणीत परत गेले. स्क्रीनवर शून्य. आत एक माणूस, तीस भोकांच्या दारूपासून पन्नास पावलांवर.

चौघे आत धावले. मी फोन कानाला लावून बसले होते. देवाचं नाव घेत होते का? हो, घेत होते. अशा वेळी सगळे घेतात.

सतरा मिनिटं लागली.

मग फोनवर आवाज आला, दमलेला, चिडवणारा. "वहिनी... तुमचा सर्व्हर काय म्हणतोय?"

मी रडायलाच लागले. "मेली काय चेष्टा सुचतेय तुम्हाला! आईंना काय तोंड दाखवलं असतं मी?"

"मोटर पायावर घसरली. अडकून पडलो होतो. ओरडून ओरडून घसा बसला, पण कोणाला ऐकूच जाईना." मग ते थांबले. "वहिनी, ते बाहेर आले का?"

"कोण?"

"ते हो. म्हातारेसे. माझ्याजवळ बसले होते ना."

मी फोन कानाशी घट्ट धरला.

"मला म्हणाले, हलू नकोस, मी त्यांना थांबवून धरलंय. हातात पेन होतं, ते सारखं वाजवत होते. मला उचलून न्यायला हे लोक आले तेव्हा मी म्हटलं, आजोबांना पण घ्या. तर हे म्हणतात, कोण आजोबा?"

भावजी नोकरीला लागले मास्तर गेल्यावर चार महिन्यांनी. त्यांनी मास्तरांना कधी पाहिलं नव्हतं. मीही घरी मास्तरांच्या पेनाबद्दल कधी काही बोलले नव्हते.

साहेबांनी आत परत माणसं पाठवली. दोनदा. टॉर्च घेऊन, शेवटच्या दगडापर्यंत. कोणी नव्हतं. आतली हवा कोंदट, माणसाला भास होतात, असं साहेब म्हणाले. त्यांचंही चूक नव्हतं.

आता पुढचं लिहिताना हात थांबतोय. पण सांगायला बसले आहे तर सांगते.

गेटबाबूने फाइल सेव्ह केली. क्लायंट पहिल्या फटक्यात नव्या सर्व्हरला लागला. लाल अक्षरं गेली.

"मॅडम," गेटबाबू हळू आवाजात म्हणाला, "हे काय दाखवतंय?"

माझ्याही स्क्रीनवर तेच होतं.

आत: एक.

कोण, ते उघडून बघितलं. कार्डाचा नंबर कोरा. नाव कोरं. आत गेल्याची वेळ कोरी.

फक्त... एक.

लांबून गडगडाट ऐकू आला. फोनमधून.

"मॅडम, वीज!" साहेब आता ओरडत नव्हते. विनवत होते. "अकराच्या अकरा डोकी माझ्यासमोर आहेत. परत मोजून देतो. आता उडवलं नाही तर सगळाच घोळ होईल. हाताने परवानगी द्या."

सर्व्हर सांभाळणाऱ्याला तो अधिकार असतो. यादी काहीही म्हणो, आपल्या सहीवर हाताने परवानगी देता येते. मास्तरांनी तीस वर्षांत एकदाही दिली नव्हती.

मी डोकी मोजून घेतली. सगळ्यांनी हजर म्हटलं. भावजींनी सगळ्यात मोठ्याने म्हटलं. अकरा. मास्तरांच्याच नियमाने मी वागत होते, नाही का? तुम्हीच सांगा, दुसरं काय करायला हवं होतं?

मी परवानगी दिली.

फोन चालू होता. भोंगा वाजला, एकदा, दोनदा. लोक लांब पळाल्याचे आवाज आले. मग सगळं शांत.

आणि त्या शांततेत...

टक... टक... टक...

एक, दोन, तीन. सावकाश. घाई नसल्यासारखं. नऊ, दहा.

अकरा.

या वेळी अकरावा आला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आकडा जुळला, मास्तर खूश झाले, असं मला वाटलं. खरंच वाटलं.

मग अजून एक झाला.

टक.

बारावा.

मी खुर्चीतून उठले. "थांबा!" ओरडले. "साहेब, थांबा, आत..."

आणि स्फोट झाला. फोनचा स्पीकर फाटल्यासारखा वाजला आणि लाईन तुटली.

पाच मिनिटांनी गेटबाबूने परत फोन लावला. सगळे सुखरूप. ओरखडासुद्धा नाही कोणाला. स्फोट एकदम नीट झाला, साहेब खूश आहेत म्हणाला.

मी स्क्रीनकडे बघितलं.

आत: शून्य.

सगळे म्हणतात, वहिनी, तुमच्यामुळे वाचला हो तो. सासूबाईंनी माझी दृष्ट काढली. नवऱ्याने तर चार जणांत कौतुक केलं. मी मान खाली घालून ऐकते. कोणी कोणाला वाचवलं ते मला माहीत आहे. आणि त्याच दुपारी मी काय केलं, तेही मला माहीत आहे. अकरा डोकी मोजली. बारावं मोजायचं कोणाच्या मनात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टोअर रूममध्ये गेले. जुन्या मशिनवर हात ठेवला.

थंडगार.

मग गेटबाबूला सांगून मुद्दाम त्या जुन्या नंबराला हाक मारायला लावली. तो वाट बघत राहिला. मी वाट बघत राहिले. पूर्ण एक मिनिट.

"मॅडम, आज वेगळंच आलंय. टी, आय, एम..."

टाइम आउट.

घर रिकामं.

भावजींचा पाय बरा झाला. गेल्या सोमवारी ते परत कामावर गेले. किती समजावलं, ऐकलं नाही. बोगद्याचं अजून सात महिन्यांचं काम आहे. कार्डं एकत्र टेकवणं बंद केलंय म्हणतात. म्हणतात. माणसं कशी असतात तुम्हाला माहीत आहे, चार दिवस नियम, पाचव्या दिवशी ये रे माझ्या मागल्या.

मी रोज फोनवर डोकी मोजते. एकेकाला हजर म्हणायला लावते. गेटवाले हसतात, हसू देत. मोजून झालं की परवानगी देण्याआधी एक गोष्ट अजून करते, ती कोणाला सांगितलेली नाही. गेटवरून जुन्या नंबराला एक हाक पाठवते. काही चुकलं असेल, मी काही विसरले असेन, तर तिकडून लगेच नकार येईल म्हणून.

रोज टाइम आउट येतो.

आज दुपारी तीनला पुन्हा सुरुंग आहे. हे लिहितेय तेव्हा पावणेतीन झालेत. अकरा मोजून झाली, भावजी हजर म्हणाले. जुन्या नंबराला हाक लावून बसले आहे. मिनिट होत आलं...

एकदा तरी नाही म्हणा हो, मास्तर.